मदत हवी आहे: बदामीच्या पायऱ्या आईला झेपतील का?

दिवाळीनंतर आईला (वय ७२) घेऊन सोलापूरहून हंपी, बदामी, पट्टदकल, ऐहोळे असा बेत आहे. गाडी स्वतःची. सपाटीवर आई काठी घेऊन अर्धा तास चालते, पण चढताना धरायला काहीतरी लागतं. डोलीत बसायला ती तयार नाही.

हंपीचं विठ्ठल मंदिर तिला पाहायचंच आहे. कृष्णदेवरायाने पंढरीची मूर्ती तिथे नेली आणि संत भानुदासांनी परत आणली, ही कथा ती लहानपणापासून ऐकत आलीय. गाभारा रिकामा आहे हे सांगूनही तिची ओढ कमी होत नाही. तिथे मंदिराजवळ बॅटरीवरची गाडी सोडते, त्यामुळे काळजी नाही. पट्टदकलचं आवारही बरंचसं सपाट.

अडलंय बदामीला. अठरा हातांचा नटराज पहिल्याच लेण्यात आहे, तिथवर ती सावकाश जाईल. पण इ.स. ५७८चा शिलालेख असलेलं तिसरं लेणं आणखी वर, आणि शेषावर बसलेला विष्णू तिथेच. व्हिडिओ पाहिले, त्यात पायऱ्या नीट दिसतच नाहीत. हॉटेलवाल्यांना विचारलं तर “सगळे जातात” एवढंच उत्तर. शिवाय माकडांचा त्रास आहे म्हणतात.

अलीकडे ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी कृपया सांगा: दुसऱ्या आणि तिसऱ्या लेण्यांमधल्या पायऱ्यांना कठडा आहे का, मध्ये बसायला सावलीची जागा मिळते का, आणि काठी बरोबर नेता येते ना?