डीएड की बीएड? तुमचं कसं ठरलं?

चाफेकळी
माळा आवरताना डीएडची टाचणवही (पाठाची तयारी लिहायची वही) सापडली. 2006 ची. पहिलाच सरावपाठ, तिसरीचा वर्ग, 'पाण्याचे उपयोग'. हेतुकथनाखाली (आज काय शिकणार ते मुलांना सांगायचं वाक्य) मॅडमची लाल शाई: 'आधी मुलांकडे बघा, मग फळ्याकडे.' बारावी कॉमर्सला बरे मार्क होते, पण बाबा म्हणाले, दोन वर्षांत नोकरी, लग्नालाही बरं. झालं, ठरलं! नोकरी लागली, आजही तिसरी-चौथीच शिकवतेय. भाचीची यंदा बारावी, तिला मास्तरीणच व्हायचंय. तुम्ही कसं निवडलंत?

टपरीवाला
निवड कसली. 2008 ला सरकारी कोट्यात नंबर हुकला, मॅनेजमेंट कोट्यासाठी वडिलांनी अर्धा एकर विकला. 2010 ला पास झालो तोवर शिक्षणसेवकांची (सुरुवातीला मानधनावर घेतलेले शिक्षक) सीईटी होऊन गेलेली. मग भरतीच बंद. 2013 ला टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आली, तीही काढली. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलची पहिली अभियोग्यता चाचणी डिसेंबर 2017 ला. तेव्हा मी मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात. दुकानाचं नाव 'गुरुजी मोबाईल'. चाललंय झकास.

सुगरणबाई
गुरुजी मोबाईल, हाहाहा. कुकर लावलाय, पटकन लिहिते. माझं बीएड, एक वर्षाचं होतं तेव्हाचं (2015 पासून दोन वर्षं झालं). मेथड (शिकवायला निवडलेले विषय) मराठी-इतिहास, कारण गणिताची भीती. थर्माकोलचा रायगड केला होता. लोकलच्या गर्दीत टकमक टोकच तुटलं. सर म्हणाले, कडेलोट झाला वाटतं. बाकी नंतर.

चाफेकळी
कडेलोट!! मेले हसून.

नवखा मास्तर
चाफेकळीताई, भाचीला आधी विचारा, लहान मुलं की मोठी? पहिली ते पाचवीला डीएडच लागतं (आता डीएलएड म्हणतात). बीएडवाल्यांना 2018 ला मुभा मिळाली होती, ऑगस्ट 2023 ला सुप्रीम कोर्टाने ती काढली. आमच्या हिने त्या मुभेच्या भरवशावरच बीएड केलं. घरात तो विषय काढत नाही. बारावीनंतर थेट चार वर्षांचं बीए-बीएडही आहे, आयटीईपी म्हणतात.

आणि कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत नका बघू, सरावपाठ कुठल्या शाळेत होतात ते विचारा. आमचं कॉलेज 'हजेरीचं बघू' छापाचं. छात्रसेवाकाल (शाळेत जाऊन शिकवायचा सराव) निम्मा कागदावरच. नोकरीच्या पहिल्या दिवशी पहिलीचा वर्ग मिळाला, एका पोराने चड्डीत केली, त्याचं बघून दुसरा रडायला लागला. मी खडू हातात धरून उभा. शेवटी स्वयंपाकवाल्या मावशींनी निस्तरलं.

गोदाकाठ
माझी आज्जी सातवी फायनल होऊन मास्तरीण झाली. आजोबा गेले, पदरात तीन मुलं. डीएड-बीएड हा प्रश्नच नव्हता. नऊवारी, छत्री, चार मैल चालत. तिची छत्री अजून आहे आमच्याकडे.

टपरीवाला
मास्तर, शिक्षणसेवकाला आता किती देतात? आमच्या वेळी सहा हजार ऐकलं होतं.

नवखा मास्तर
प्राथमिकला 16 हजार. तीन वर्षं त्यावरच.

टपरीवाला
एवढे तर महिन्याला स्क्रीनगार्डवर सुटतात राव. पण ते असो.

सुगरणबाई
डाळीचं पिठलं झालं तुमच्या नादात.

चाफेकळी
भाचीला वही दाखवली. म्हणाली, मावशी, अक्षर काय सुंदर होतं गं तुझं. हेतुकथन म्हणजे काय?