सँडबॉक्समधून कोड पळतो, निसटतो की फितूर होतो?

रफार: एका प्रशिक्षण-पुस्तिकेचं मराठी करते आहे. विषय: सर्व्हरवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये सँडबॉक्स एस्केपचे हल्ले कसे ओळखायचे. (सँडबॉक्स म्हणजे परका कोड कोंडून चालवायची जागा; त्यातून तो बाहेर हात घालतो तो एस्केप.) मी मथळा दिला, 'वाळूपेटीतून पलायन शोधणे'. तपासणाऱ्याने समासात लिहिलं, 'कोण हरवलंय?' सँडबॉक्स तसाच ठेवते, पण एस्केप आणि डिटेक्शनचं काय करू?

अर्धविराम: तपासणाऱ्याचं चुकलं नाही. शोधतात ती हरवलेली वस्तू. घडून गेल्यावर लावतात तो छडा, घडत असताना लागतो तो सुगावा, घडायच्या बेतात असताना लागते ती चाहूल. पुस्तिकेत यातलं नेमकं काय आहे?

काना: 'पलायन' तर नकोच. रणातून पलायन करतो तो भित्रा. (मूळ परा + अयन, र चा ल झालाय. पाणिनीने त्यासाठी सूत्र केलंय.) 'पोबारा' घ्या की! सोंगट्यांच्या खेळातलं दान, अस्सल शब्द.

अर्धविराम: पोबारा करणारा पसार होतो. हा कोड तर बाहेर येऊन घरच ताब्यात घेतो. सर्व्हरच्या बाजूने पाहिलं तर हा शिरकाव आहे.

पूर्णविराम: दोन्ही नाही. रोज हेच काम करतो म्हणून सांगतो, कोड जागचा हलतच नाही. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवतं ते नोड; कोड वेगळा ठेवून चालवायच्या त्याच्या व्हीएम मॉड्यूलच्या माहितीपानावर स्वच्छ लिहिलंय, ही सुरक्षेची सोय नव्हे, बिनभरवशाचा कोड यात चालवू नका. लोक चालवतात. आत वापरायला म्हणून आपण एखादा ऑब्जेक्ट, म्हणजे माहितीचं गाठोडं, देतो, तो बाहेरच्या जगात घडलेला असतो. कोड त्याला विचारतो, तुझा कन्स्ट्रक्टर, म्हणजे घडवणारा, कोण? मग त्या कन्स्ट्रक्टरला विचारतो, तुझा कोण? दुसऱ्या उत्तराला बाहेरचं 'फंक्शन' हातात येतं, ज्यातून बाहेरच्या जगात हवा तो कोड चालवता येतो, आणि त्यातून 'प्रोसेस', म्हणजे चालू प्रोग्रामच्या चाव्या. झालं. आम्ही तोंडी 'सँडबॉक्स फुटला' म्हणतो, पेपर फुटतो तसा.

मात्रा: मग फुटला तो ऑब्जेक्ट! आपणच आत पाठवलेला माणूस शत्रूला वाट दाखवतो, याला मराठीत शब्द आहे: फितुरी. तट शाबूत, दार आतून उघडलं.

काना: फितूर अरबी-फारसीतून आलेला. परिभाषा घडवायची तर संस्कृत धातूवरून घडवावी. 'परिबंधभेद' सुचवतो.

मात्रा: 'परिबंधभेद' रात्री दोनला अलार्म वाजल्यावर म्हणून दाखवा. आणि तुमच्या संस्कृतातला 'सुरुंगा' ग्रीकांकडून आला, त्याला सोवळं नाही का?

पूर्णविराम: सुगाव्याबद्दल एक राहिलं. आमच्याकडे वापरणारे स्वतःची सूत्रं लिहायचे, ती सर्व्हरवर चालायची. मी आधी 'कन्स्ट्रक्टर' हा शब्द आला की सूत्र नाकारत होतो. महिन्याभरात एकाने तो शब्द दोन तुकड्यांत लिहून अधिकचिन्हाने जोडला. चाळणी बघत बसली. मग वागणुकीवर पहारा ठेवला: सूत्रं चालवणाऱ्या प्रोग्रामने कधीच दुसरा प्रोग्राम सुरू करायचा नसतो, केला की घंटा. शब्दावर नव्हे, कृतीवर नजर. म्हणून मला 'चाहूल' पटते. माणूस दिसत नाही, पाऊल वाजतं.

अर्धविराम: पण घंटा वाजली तेव्हा पाऊल आत पडलेलं होतं. म्हणजे सुगावाच.

पूर्णविराम: बरं, सुगावा. तसंही चाळणीवर विसंबून भागत नाही. व्हीएम-टू लायब्ररी बिनभरवशाचा कोड सुरक्षित चालवण्यासाठीच होती. एक भोक बुजवलं की दुसरं निघायचं. शेवटी २०२३ च्या जुलैत तिची देखभाल थांबवत असल्याचं जाहीर झालं.

काना: 'देखभाल' हिंदी. मराठीत 'निगा'.

मात्रा: निगा फारसी 'निगाह'वरून, काका.

काना: 'निगा राखणे' हा प्रयोग मात्र मराठीत मुरलेला आहे. आणि मी काका नाही.

रफार: मंडळी, उद्या मजकूर द्यायचाय. 'सँडबॉक्स फुटल्याचा सुगावा' चालेल का?

अर्धविराम: चालेल, पण 'फुटल्याचा' की 'फोडल्याचा'? पेपर फुटतो म्हणतात तेव्हा फोडणारा नामानिराळा राहतो, हे मला नेहमी खटकतं.

मात्रा: नामानिराळा की नामनिराळा?