'फिनिशिंग'ला आपण काय म्हणतो?

प्रश्न: चित्र किंवा शिल्प संपत आलं की कलाकार शेवटचं काम करतो आणि 'आता बास' ठरवतो. याला मराठीत रुळलेला शब्द कोणता? 'पूर्णत्व' नको, ते सत्काराच्या भाषणात शोभतं.

– पेणच्या गणपती कारखान्यांत 'आखणी' म्हणतात, म्हणजे डोळ्यांची आखणी. अंगाचा रंग, पीतांबर, दागिन्यांचं सोनेरी काम हे नवशिक्यांवर सोपवता येतं. डोळ्यांना मात्र मुरलेला हात लागतो. पांढरं भरायचं, बुबुळ काढायचं, मग पापणीची काळी रेघ एका दमात. ती साधली की मूर्ती बोलायला लागते.

– शब्द झकास, पण प्रश्नाला पुरत नाही. तिथे शेवटी काय करायचं हे रीतीनंच ठरलंय, वर चतुर्थी कोणासाठी थांबत नाही! कॅनव्हाससमोरच्या माणसाला कोण सांगणार? त्याच्यासाठी मी 'हात आवरणे' म्हणेन. जलरंगात हात आवरला नाही तर रंग मळतात आणि मग काही केल्या पहिली झळाळी येत नाही.
'शेवटचा हात फिरवणे' वेगळं. १८३२ साली लंडनच्या रॉयल अकादमीत घडलेला इंग्रज चित्रकार टर्नरचा किस्सा बघा. प्रदर्शन उघडण्याआधी, चित्रं भिंतीवर लागल्यावरही चित्रकारांना हात फिरवायची मुभा असे. शेजारी जॉन कॉन्स्टेबल हा दुसरा चित्रकार आपल्या वॉटर्लू पुलाच्या चित्रात शेंदरी रंग भरत होता. टर्नर आला, स्वतःच्या करड्या समुद्रावर नाण्याहून जरासा मोठा लाल ठिपका ठेवला आणि न बोलता चालता झाला. दीडेक दिवसानं येऊन त्या ठिपक्याचा बोया, म्हणजे समुद्रात तरंगणारी खूण, केला. आता सांगा, भिंतीवर लागलं तेव्हा ते चित्र झालं होतं की नव्हतं?

– आणि जे राहूनच गेलं त्याला? 'अर्धवट' म्हटलं की कामचुकारपणाचा वास येतो. पोप दुसरा ज्युलियस याच्या समाधीसाठी मायकेलअँजेलोनं कोरायला घेतलेले बंदिवान फ्लॉरेन्सच्या अकादमीत आहेत. अंगावर छिन्नीचे वळ, निम्मं शरीर दगडातच. त्यांना अर्धवट म्हणायला जीभ रेटत नाही, 'अपुरे' म्हणावं.

– प्रश्नकर्ता: लेखात 'हात आवरला' वापरतो.

– वापरा, फक्त 'हात आखडता घेतला' लिहू नका. तो पैशांचा मामला आहे.