दुपारी X गुंगुं करतो आणि बोअर ओव्हल येतोय, सर्व्हो ट्युनिंगबद्दल मदत पाहिजे

जळगाव_जॉबशॉप
राम राम मंडळी. जळगाव एमआयडीसीत छोटं जॉबशॉप आहे आमचं. जुनी व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं, कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) घेतली आणि डिसेंबरात तिला नवीन सर्व्हो मोटर, ड्राइव्ह, कंट्रोलर बसवला. ऑटो ट्युनिंग मारलं, पण X (टेबल डावी-उजवीकडे नेणारा अ‍ॅक्सिस) जरा जड वाटत होता म्हणून त्याचा पोझिशन गेन (जागा चुकली की ड्राइव्ह किती जोरात सुधारतो तो आकडा) मी हाताने 30 चा 40 केला, Y (पुढे-मागे नेणारा) 30 लाच ठेवला. थंडीभर मशीन मक्खन चाललं. आता मे लागला, सकाळी 8 ला काहीच त्रास नाही, पण दुपारी 2 नंतर शेडमध्ये पत्रा तापला की X थांबल्या थांबल्या गुंगुं आवाज करतो, टेबलावर हात ठेवला तर बोटांना थरथर लागते. त्यात 50 मिमीचा बोअर (गोल भोक) एंडमिलने फिरवून काढतो, मिनिटाला 300 मिमी फीडला, तो 0.08 मिमी ओव्हल येतोय आणि ओव्हल पण तिरका. पार्टीने 11 पीस परत पाठवले. ड्राइव्ह बदलू का? आते मन्हं डोकंच चालत नही.

भुसावळ_मेंटेनन्स
भाऊ ड्राइव्हला हात लावू नका, तो बरा आहे. थंडीत स्लाइडचं ऑइल घट्ट असतं, ते घर्षण सर्व्होच्या लूपला (चूक मोजून सतत सुधारणारं चक्र) आतून दाबून धरतं. आपल्याकडे मे मध्ये पारा 44-45 ला जातो, ऑइल पातळ होतं, तो दाब जातो आणि काठावर असलेला गेन डोलायला लागतो. म्हणजे तुमचं ट्युनिंग डिसेंबरच्या मशीनचं आहे, मे च्या नाही.

आधी पॉवर बंद करून कपलिंगचे (मोटर आणि स्क्रू जोडणारा भाग) बोल्ट बघा, मग डायल गेज लावून टेबल हाताने ढकलून प्ले (ढिलेपणा) बघा. मेकॅनिकल ढिलं असेल तर गेनने काहीच सुधरत नाही. नंतर दुपारी, मशीन तासभर पळवून गरम झाल्यावरच ट्युनिंगला बसा. एकात एक तीन लूप असतात, सगळ्यात आत करंट, मग व्हेलॉसिटी म्हणजे वेग, बाहेर पोझिशन म्हणजे जागा. करंट लूप कंपनीचाच राहू द्या. X चा पोझिशन गेन आधी 30 वर आणा, मग व्हेलॉसिटी गेन थोडा थोडा वाढवा, आवाज सुरू झाला की तिथून पाव भाग खाली या. पोझिशनला सगळ्यात शेवटी हात लावायचा. आतला लूप पक्का नसताना बाहेरचा वाढवणं म्हणजे पाया कच्चा आणि वर मजला. आणि ऑटो ट्युनिंग रिकाम्या टेबलावर केलं असेल तर व्हाइस, फिक्स्चर चढवून परत करा, लोडचा इनर्शिया (जडपणा) बदलतो.

एक हात जोडून सांगतो, Z चा (हेड वर-खाली करणारा अ‍ॅक्सिस) सर्व्हो ऑफ करताना हेडखाली लाकडी ठोकळा द्या, ब्रेकच्या भरवशावर हात आत घालू नका.

धुळे_अवधान
ओव्हलचं उत्तर तुमच्याच आकड्यात आहे. 300 फीड म्हणजे सेकंदाला 5 मिमी. लॅग (अ‍ॅक्सिस हुकुमाच्या किती मागे राहतो ते) म्हणजे वेग भागिले गेन, X ला 5/40 म्हणजे 0.125, Y ला 5/30 म्हणजे 0.167. फरक 0.042, आणि 45 अंशातल्या दोन तिरक्या व्यासांत तो दुप्पट होऊन दिसतो, म्हणजे 0.08. फीड-फॉरवर्ड (लॅग आधीच भरून काढणारी सोय) बंदच असणार तुमचं.

खात्री करायची तर एक बोअर जी02 ने (घड्याळाच्या दिशेने) मारा, एक जी03 ने (उलट्या दिशेने). तिरकेपणाची दिशा पलटली तर गेनचाच फरक. पलटली नाही तर X-Y काटकोनात नाहीत, मग पॅरामीटर सोडा आणि स्क्वेअर लावून बघा. एकत्र इंटरपोलेट होणाऱ्या (मिळून वक्र काढणाऱ्या) अ‍ॅक्सिसचा गेन नेहमी सारखा ठेवायचा, जो अ‍ॅक्सिस सगळ्यात कमी झेपवतो त्याच्याइतका.

जळगाव_जॉबशॉप
जी02-जी03 केलं, दिशा पलटली! X 30 केला, आता ओव्हल 0.01 च्या आत आहे. X च्या कपलिंगचा एक क्लॅम्प बोल्ट खरंच अर्धा फेरा ढिला निघाला, तो आवळून काल दुपारी अडीचला व्हेलॉसिटी गेन लावला, थरथर बंद. दोघांचे लई आभार भाऊ. फक्त बोअरमध्ये चार ठिकाणी, 3, 6, 9, 12 वाजता असतो तिथे, बारीक उभी रेघ नखाला लागते, ते काय?

धुळे_अवधान
तिथे एकेक अ‍ॅक्सिस थांबून उलटा फिरतो, त्या क्षणी घर्षण आणि बॅकलॅश (दिशा उलटताना लागणारा मोकळा प्ले) दोन्ही आडवे येतात. डायलवर 10 मायक्रॉन पुढे-मागे देऊन किती हरवतात ते बघा आणि आकडा इथे टाका, मग सांगतो बॅकलॅश भरायचा की ड्राइव्हमधलं फ्रिक्शन कॉम्पेन्सेशन (घर्षणाची भरपाई) चालू करायचं.