तुळईवरचा आकडा

इंग्लंडमधल्या कोलब्रुकडेलच्या लोखंड गाळायच्या जुन्या भट्टीपासून मुलांसाठी कोड्यांचा खजिनाशोध सुरू करायची तुमची कल्पना फार आवडली. पहिलं कोडं तुळईचंच ठेवा! तिथल्या बिडाच्या एका तुळईवर १६३८ वाचता येतं, जुन्या फोटोत मात्र तोच आकडा १६५८ दिसतो. खरा कुठला, यावर मुलं तासभर भांडतील. दुसऱ्या तुळईवर अब्राहम डार्बी, १७७७. हा नातू, त्याच नावाच्या आजोबांनी १७०९ मध्ये याच भट्टीत लोणारी कोळशाऐवजी कोक (दगडी कोळसा भाजून केलेलं इंधन) वापरून लोखंड गाळलं होतं.

शेवटची खूण जवळच्या आयर्नब्रिज या लोखंडी पुलावर हवीच. १७७९ मध्ये उभ्या राहिलेल्या त्या पुलाचे बिडाचे भाग चक्क सुतारकामासारखे खाचा, डोव्हटेल (कबुतराच्या शेपटीच्या आकाराचे सांधे) आणि पाचरींनी जोडलेत. "सुताराची करामत लोखंडात कुठे?" एवढंच विचारा.