पद्मिनीच्या दाराचे पॅनेल: हार्डबोर्डच की मरीन प्लाय?

टिळकवाडी_पद्मिनी:
आमची प्रीमियर पद्मिनी गाडी 1982 ची, वडलांनी घेतलेली. यंदा चारी दारांचे आतले पॅनेल काढले तर हार्डबोर्ड खालच्या कडेला पापडागत फुगलाय, क्लिपांची भोकं फाटलीत. सीट कव्हरवाला म्हणतोय 4 मिमी मरीन प्लाय (पाण्याला टिकणारा प्लायवूड) घाला, परत बघायला नको. मला पटत नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातनं जशी बाहेर पडली तशीच ठेवायची, 3 मिमी हार्डबोर्ड आणि वर रेक्झिन. तुमचं काय मत?

खानापूर_रोड:
ओरिजनलचा हट्ट कशाला हो? आमच्याकडं जूनपासनं सप्टेंबरपर्यंत पाऊस कसा कोसळतो बघा की, हार्डबोर्ड म्हणजे दाबलेला लाकडाचा लगदाच, पाणी लागलं की गेला. मी अँबेसिडरला 710 मार्काचा मरीन प्लाय घातलाय, 6 पावसाळे झाले, जसाच्या तसा आहे. गाडी शोकेसमधे ठेवायची असली तर गोष्ट वेगळी.

टिळकवाडी_पद्मिनी:
शोकेस नाही, दर रविवारी जांबोटीपर्यंत जाते गाडी. आणि 1 मिमी जाड झालं की काच चढवायच्या हँडलची दांडी तेवढीच आत जाते, मागची चकती कितीबी दाबा, हँडल अडकवायच्या पिनचं भोक नीट दिसतच नाही. क्लिपा पण धरत नाहीत, मग लोक सरळ स्क्रू मारतात आणि दाराची पार रया जाते.

शहापूर_कुशन:
20 वर्षं हेच काम करालोय म्हणून सांगतो, दोघंबी पाण्याचं सोडून बोर्डावर भांडालाय. काचेच्या रबरातनं पाणी दारात उतरणारच, नव्या गाडीतबी उतरतं, त्यासाठीच दाराच्या बुडाला भोकं ठेवलेली असतात. पॅनेलमागं प्लास्टिकचा कागद असतो, तो ते पाणी परत दारातच सोडतो. दुरुस्तीला पॅनेल काढणारा पहिल्यांदा तो कागद फाडून टाकतो आणि परत कोण लावतच नाही. आधी भोकातली माती तारेनं काढा, जाड पॉलिथिन बुटाइल टेपनं (रबरी चिकटपट्टीनं) चिकटवा, खालची कड दाराच्या आत सोडा. मग हार्डबोर्ड पुरतो, फक्त दोन्ही अंगाला, कडांना आणि भोकांच्या आतनं ऑइल पेंट मारा, रेक्झिन त्याच्यानंतर. आणि जुना बोर्ड कितीबी फुगू दे, टाकू नका! त्याच्यावरनंच नवा आखायचा, डावा पालथा केला की उजवा.

खानापूर_रोड:
कागदाचं बरोबर आहे, मानलं. पण टेप उन्हानं सुटली तर? प्लाय असला तर एक पावसाळा तरी निभावतो, म्हणून मी प्लायच म्हणणार.

टिळकवाडी_पद्मिनी:
सुटली तर 4 क्लिपा काढून परत लावीन की. मागच्या डाव्या दाराचा बोर्ड मात्र गॅरेजवाल्यानं न विचारता भंगारात घातला, फार जीव तुटला. आता उजव्यावरनंच पालथा आखतो.