'ऑसम'ला आता काही अर्थ उरलाय का?

सदाशिव_कट्टा
परवा एक क्रेडिट कार्ड बंद करायला फोन लावला. पलीकडच्या मुलीने जन्मतारीख विचारली, सांगितली. "ऑसम, सर!" पिनकोड सांगितला. "ऑसम!" पिनकोडात भारावून जाण्यासारखं काय असतं बुवा?

या शब्दाच्या पोटात 'ऑ' आहे, म्हणजे दरारा. स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेतल्या भीतीच्या शब्दाशी त्याचं नातं. ज्याच्यापुढे छाती दडपते आणि तरी नजर हलत नाही, ते ऑसम. आजही इंग्रजीत 'ऑसम रिस्पॉन्सिबिलिटी' म्हटलं तर जबाबदारी मस्त आहे असं कुणी समजत नाही, पेलवेल की नाही इतकी मोठी आहे असं समजतात. अणुबाँबच्या ताकदीलाही हेच विशेषण लावतात. आणि आपण ते वडापावला लावतो! वडापाव खमंग म्हणा, झकास म्हणा. एवढा भारदस्त शब्द त्यावर कशाला खर्ची घालायचा?

रस्सा_वाढा
न वापरता ठेवून काय करणार, लॉकरात टाकणार? पुण्यात 'भयंकर गोड मुलगी' म्हणतात ते चालतं का मग? 'जबरदस्त' घ्या. फारसीत जबर म्हणजे वर, दस्त म्हणजे हात. ज्याचा हात वर, तो जबरदस्त. त्याच शब्दाची 'जबरदस्ती' झाली, तरी आपण गाण्यातली तान जबरदस्त म्हणतोच. आमच्या कोल्हापुरात रस्सा 'खतरनाक' झाला की लोक वाटी पुढे करतात, पळून जात नाहीत.

सदाशिव_कट्टा
अहो, पण 'भयंकर अपघात' म्हटलं की तुम्हालाही लगेच कळतं ना? भयंकरचे दोन्ही अर्थ जिवंत आहेत. ऑसमचा जुना अर्थ आजच्या कॉलेजातल्या पोराला विचारून बघा.

फळा_आणि_खडू
इंग्रजी शिकवते, म्हणून जरा लांबण लावते.

सदाशिवराव ज्याला मूळ अर्थ म्हणतायत तो मुळात पहिला अर्थच नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द आला तेव्हा ऑसम म्हणजे जो स्वतः आदराने, धाकाने भरलेला आहे तो. म्हणजे देवळात हात जोडून उभा असलेला भक्त ऑसम, देव नव्हे! धाक घालणारा हा अर्थ मागाहून आला. तेव्हा शुद्धच पाळायचं तर कुठल्या सालापासून पाळायचं?

'टेरिफिक'ची गोष्ट अशीच. इंग्रज कवी मिल्टनने १६६७च्या महाकाव्यात सापाच्या आयाळीला हा शब्द लावला तो भीतिदायक म्हणून. आज टेरिफिक म्हणजे फक्कड. बायबलच्या १६११च्या इंग्रजी भाषांतरात ४७व्या स्तोत्रात परमेश्वराला 'टेरिबल' म्हटलंय. पुढे टेरिबल म्हणजे 'वाईट' होऊन बसलं, तेव्हा अलीकडच्या एका लोकप्रिय भाषांतराने त्या जागी 'ऑसम' घातलं. आता तेही वडापावापर्यंत आलं.

उलटा प्रवासही होतो. 'इग्रीजियस' म्हणजे लॅटिनमध्ये कळपातून उठून दिसणारा. आधी स्तुती होती, आज हा शब्द घोडचुकीला लावतात. शब्द वर चढतात, खाली घसरतात, त्यात पावित्र्यभंग कसला?

विद्यार्थ्यांना मी एवढंच सांगते: मित्राला ऑसम लिहा, नोकरीच्या अर्जात लिहू नका. तिथे नेमकं काय चांगलं आहे ते लिहा.

जर्सीची_नलू
इकडे अमेरिकेत त्या मुलीच्या बोलण्याचं कुणालाच काही वाटणार नाही. हॉटेलात "नुसतं पाणी चालेल" म्हणा, वेटर "ऑसम" म्हणतो. ते कौतुक नसतंच, ती पोच आहे. आपण फोनवर "बरं", "हं", "चालेल" म्हणतो ना, तसं. १९८०च्या दशकात इथल्या तरुण पोरांच्या तोंडी तो 'लई भारी' म्हणून बसला आणि झिजत झिजत 'बरं'वर आला. तिने तुमच्या पिनकोडाची स्तुती केलेली नाही, दादा, नोंद घेतली.

सदाशिव_कट्टा
नलूताई, हेच तर माझं दुखणं आहे! 'बरं'साठी 'बरं' होतंच की. आता खरोखर छाती दडपली तर इंग्रजाने काय म्हणायचं? गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुन विश्वरूप बघतो तेव्हा त्या रूपाला अद्भुतही म्हणतो आणि उग्रही, एकाच ओळीत. तिथे दोन शब्द लागले. इंग्रजीकडे दोन्ही पेलणारा एकच शब्द होता, तो यांनी वेटरला देऊन टाकला.

रस्सा_वाढा
आणि 'अद्भुत' तुम्ही साबणाच्या जाहिरातीला दिलात, त्याचं काय?

फळा_आणि_खडू
सदाशिवराव, इंग्रजाची काळजी नको. त्याच्याकडे 'ऑ-इन्स्पायरिंग' अजून शाबूत आहे. लांबलचक आहे म्हणून वेटरच्या तोंडी बसत नाही, आणि म्हणूनच टिकलाय.

सदाशिव_कट्टा
बाई, हा मुद्दा मान्य. वडापावाचा नाही.